पाळणाघराची फी: पगारातून की टॅक्स क्रेडिटमधून?

अमेरिकेत १३ वर्षांखालच्या मुलांच्या पाळणाघरासाठी २०२६पासून करापूर्वीच्या पगारातून कुटुंबामागे ७,५०० डॉलरपर्यंत डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (नोकरीमार्फत उघडायचं, मुलांच्या सांभाळाच्या खर्चासाठीचं करमुक्त खातं) टाकता येतात. आधी मर्यादा ५,००० होती. दोघे कमावते, मिळून २,२०,००० डॉलर, तर २२ टक्के आयकर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर वाचतो. म्हणजे सुमारे २,२०० डॉलर.

टॅक्स क्रेडिट, म्हणजे सांभाळाच्या खर्चावर आयकरातून थेट वजा होणारी सूट? एका मुलाच्या ३,००० डॉलर खर्चावर २० टक्के, जेमतेम ६००. कमी मिळकतीला दर ५० टक्क्यांपर्यंत चढतो, तिथे गणित उलटू शकतं; पण मुळात करच लागत नसेल तर हाती काहीच नाही.

एफएसएची खोच एकच: न वापरलेले पैसे बुडतात. आजी सहा महिने येणार असेल, तर रक्कम आधीच कमी लिहा.