व्हीलॅन वेगळे केले, आता राउटिंग कुठे करायचं? राउटर, लेयर-३ स्विच की फायरवॉल

व्हीलॅन पाडायला, म्हणजे एकच नेटवर्क वेगवेगळ्या आभासी तुकड्यांत विभागायला, अर्धा तास पुरतो. त्यानंतर पहिला फोन येतो तो प्रिंटरचा: "सर, प्रिंट जात नाहीये." जाणार कशी? अकाउंट्सवाले व्हीलॅन १० मध्ये, प्रिंटर व्हीलॅन २० मध्ये आणि मध्ये रस्ताच नाही. व्हीलॅनचं काम तोडण्याचं. जोडायला राउटिंग लागतं, म्हणजे एका तुकड्यातलं पॅकेट (डेटाचा छोटा गठ्ठा) दुसऱ्यात पोचवणं. ते कोणत्या डब्यात करायचं, हे खरेदीच्या आधीच ठरवलेलं बरं. नंतर ठरवलं तर एक डबा माळ्यावर जातो आणि दुसऱ्याचं बिल येतं.

हा आढावा दहा ते पन्नास माणसांची ऑफिसं, दवाखाने, छोटे कारखाने यांच्यासाठी. आपण चार व्हीलॅन धरू: कर्मचारी १०, सर्व्हर-प्रिंटर २०, कॅमेरे ३०, पाहुण्यांचं वायफाय ४०. ८०२.१क्यू या मानकात व्हीलॅनच्या नंबरला १२ बिट आहेत, म्हणजे १ ते ४०९४ पर्यंतचे नंबर वापरता येतात. तुम्हाला चारच लागणार आहेत. तेव्हा खोक्यावर छापलेल्या "इतके व्हीलॅन झेपतात" या आकड्याकडे बघूच नका.

बघायचं ते दुसरंच: एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेमकं काय जाणार, आणि किती?

हे मी ठेच खाऊन शिकलो. नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी मोठ्या टापटिपीने नॅस (सगळ्यांच्या फायली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा) "सर्व्हर व्हीलॅन"मध्ये टाकला, पुस्तकात तसंच असतं म्हणून. राउटिंगला जुना राउटर होता, त्याचं पोर्ट १०० मेगाबिटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आपापली ड्रॉइंग उघडली आणि ऑफिस जागच्या जागी थांबलं. पूर्वी नॅसची फाइल स्विचमधल्या स्विचमध्ये गिगाबिटने यायची. आता प्रत्येक फाइल आधी राउटरकडे चढायची, मग खाली उतरायची, तीही त्या बारक्या बोळातून. मालक नवा लेयर-३ स्विच (राउटिंगही करणारा स्विच) घ्यायला तयार होते. मी घेऊ दिला नाही. नॅसचं पोर्ट कर्मचाऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये आणलं, आयपी बदलला, मॅप केलेले ड्राइव्ह पुन्हा जोडले. खर्च शून्य. नॅस वापरणारी माणसं तीच असतील, तर त्यांना नॅसपासून तोडून काय साधणार होतो, हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता.

कॅमेऱ्यांचंही तसंच. सोळा कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट धरले तर ६४ मेगाबिटचा प्रवाह दिवसरात्र चालू. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) त्याच व्हीलॅन ३० मध्ये ठेवला तर हे सगळं स्विचच्या आत राहतं. राउटिंगच्या वाट्याला येतं ते फक्त साहेब मोबाइलवर कॅमेरा बघतात तेवढं. एनव्हीआर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये ठेवलात, तर तोच प्रवाह चोवीस तास राउटरच्या डोक्यावर.

हा नकाशा कागदावर काढला की पुढची निवड अर्धी झालेली असते.

राउटर ऑन अ स्टिक

सीसीएनएच्या (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या) क्लासात पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांनी केलेलं हे. स्विचपासून राउटरपर्यंत एकच केबल, ती ट्रंक, म्हणजे सगळ्या व्हीलॅनची पॅकेट टॅग (व्हीलॅनच्या नंबरची चिठ्ठी) लावून नेणारी. राउटरवर त्या एका पोर्टचे सबइंटरफेस (आभासी उपपोर्ट), एकेकाला एकेका व्हीलॅनचा टॅग आणि गेटवेचा, म्हणजे त्या व्हीलॅनमधून बाहेर पडायच्या दाराचा, पत्ता. स्विच कुठलाही चालतो, फक्त टॅग समजणारा हवा. आठ पोर्टांचा साधा स्मार्ट स्विचसुद्धा पुरतो. टीपी-लिंकच्या ईझी स्मार्ट मालिकेसारख्या स्विचवर पोर्ट व्हीलॅनमध्ये घातल्यावर त्याचा पीव्हीआयडी (टॅग नसलेलं पॅकेट कोणत्या व्हीलॅनचं धरायचं तो नंबर) वेगळ्या पानावर जाऊन बदलावा लागतो. तो विसरला की पोर्ट यादीत दिसतं, पण संगणकाला आयपी मिळतो तो भलत्याच व्हीलॅनचा.

मर्यादा दोन. पहिली केबलची: व्हीलॅन १० मधून २० मध्ये जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच केबलवरून वर जातं आणि त्याच केबलवरून खाली येतं. फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी पूर्ण वेग) असल्यामुळे एकेरी कॉपी गिगाबिटच्या जवळ जाऊ शकते, पण त्याच वेळी कोणी उलट दिशेने कॉपी लावली किंवा इंटरनेटही त्याच केबलवर असलं की ओढाताण सुरू.

दुसरी मर्यादा राउटरच्या ताकदीची, आणि इथे पोर्टचा आकडा फसवतो. सिस्कोच्या आयएसआर ४३२१ ला पोर्ट गिगाबिटचे आहेत, पण मूळ परवान्यात त्याचा एकूण वेग ५० मेगाबिटवर बांधलेला, वरचा परवाना घेतला तर १००. हिशोब करून बघा: १० जीबीचं फोल्डर गिगाबिटने दीडएक मिनिटात जातं, ५० मेगाबिटने जवळपास २७ मिनिटं लागतात. शाखा इंटरनेटला जोडायला तो राउटर उत्तम, दोन व्हीलॅनमध्ये फायली वाहायला नाही. उलट मायक्रोटिकचा छोटा हेक्स: तळहातावर मावणारा डबा, पाच गिगाबिट पोर्ट, दोन कोरचा प्रोसेसर. चार व्हीलॅनच्या साध्या ऑफिसाला पुरून उरतो.

लेयर-३ स्विच

इथे गेटवे स्विचच्या पोटातच. प्रत्येक व्हीलॅनला एक आभासी इंटरफेस (बोलण्यात एसव्हीआय), त्याला पत्ता दिला, राउटिंग चालू केलं की झालं. पॅकेट प्रोसेसरकडे न जाता चिपमधूनच वळतं, म्हणून वेग पोर्टच्या वेगाइतका. नॅस दहा गिगाबिटचा असेल, व्हिडिओ एडिटिंग किंवा स्कॅनिंगचं काम असेल आणि नॅस वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवण्याला खरं कारण असेल, तर दुसरा पर्याय शोधत बसू नका.

सिस्कोवर एसव्हीआय बनवला तरी "आयपी राउटिंग" ही आज्ञा दिल्याशिवाय पॅकेट पलीकडे जात नाही. शिवाय त्या व्हीलॅनचं एकही पोर्ट चालू नसेल तर एसव्हीआय "डाउन"च दिसतो. टेबलावर रिकाम्या स्विचवर तयारी करताना यात माणूस हमखास गोंधळतो. कॅटॅलिस्ट २९६० सारख्या जुन्या, लेयर-२ (राउटिंगशिवायचा) म्हणून विकलेल्या स्विचलाही पुढच्या आयओएसमध्ये (सिस्कोच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्टॅटिक राउटिंगची (हाताने लिहिलेल्या वाटांची) मुभा मिळाली, पण त्यासाठी वेगळा टेम्पलेट लावून स्विच रीलोड करावा लागतो, आणि स्टॅटिक राउट फक्त १६. छोट्या ऑफिसाला १६ चिक्कार झाले.

मायक्रोटिकच्या सीआरएस३२६ मध्ये सापळा उलटा आहे. राउटिंग लगेच चालतं, पण एल३ हार्डवेअर ऑफलोड (राउटिंग चिपवर सोपवणं) मुळात बंद असतो, त्यामुळे सगळा भार एका किरकोळ प्रोसेसरवर. मग "लेयर-३ स्विच घेतला तरी हळू" अशी तक्रार. ऑफलोड चालू केला की वेग येतो, पण ती पॅकेट चिपमधूनच परस्पर जातात, तुम्ही लिहिलेल्या फायरवॉलच्या नियमांना विचारतही नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेले सिस्को स्विच बघणार असाल तर ३५६० आणि ३५६०जी यांतला "जी" नीट वाचा. "जी" नसलेल्याचे साधे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. आणि पंख्याचा आवाज दुकानाच्या गलबल्यात कळत नाही, डॉक्टरांच्या केबिनशेजारी कळतो.

लेयर-३ स्विचची खरी अडचण नियमांची. समजा तुम्हाला हवंय की कर्मचाऱ्यांनी कॅमेरे बघावेत, पण कॅमेऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या संगणकांकडे फिरकू नये. ऐकायला एका ओळीचा नियम. पण स्विचची एसीएल (काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं याची यादी) विसराळू असते. प्रत्येक पॅकेट ती नव्याने बघते, आधीचं संभाषण तिच्या लक्षात नसतं. "३० मधून १० कडे काही जाऊ देऊ नको" लिहिलंत की कॅमेऱ्याचं उत्तरही अडतं आणि कर्मचाऱ्याला काळा पडदा दिसतो. टीसीपीपुरती (आधी जोडणी करून मग बोलायची पद्धत) "एस्टॅब्लिश्ड" या शब्दाने पळवाट निघते. ती फक्त पॅकेटवर एसीके किंवा आरएसटीची खूण आहे का एवढंच बघते. यूडीपीला, म्हणजे जोडणी न करताच पाठवायच्या पद्धतीला, तशी खूणच नाही. मग पोर्ट नंबरांची यादी करत बसायचं, आणि सहा महिन्यांनी ती यादी कोणालाच उमगत नाही.

दुसरं म्हणजे, अशा स्विचला सहसा नॅट (आतल्या सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेटला नेणं) करता येत नाही, त्यामुळे इंटरनेटसाठी पुढे राउटर लागतोच. त्या राउटरला "१०, २०, ३०, ४० चे सबनेट (पत्त्यांचे गट) या स्विचच्या मागे आहेत" असं सांगणारा परतीचा राउट द्यावा लागतो. लक्षण ठरलेलं: आतल्या आत सगळं चालतं, नेट मात्र नाही. इंटरनेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या बऱ्याच डब्यांत असा राउट लिहायची सोयच नसते. खरेदीच्या आधी त्या डब्यात लॉगिन करून बघा.

फायरवॉल

जोडणी राउटर ऑन अ स्टिकसारखीच, फक्त ट्रंकच्या टोकाला फायरवॉल: पीएफसेन्स, ओपीएनसेन्स, फोर्टिगेट, काहीही. फरक स्मरणशक्तीचा. संभाषण कोणी सुरू केलं हे तिला आठवतं. वरचा कॅमेऱ्यांचा नियम इथे खरोखरच एका ओळीत बसतो, उत्तरं आपोआप परत येतात. नॅट, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं), व्हीपीएन (बाहेरून सुरक्षित जोडणी), कोणी कुठे गेलं याच्या नोंदी, सगळं एकाच ठिकाणी. वेग राउटरसारखाच केबल आणि प्रोसेसर यांनी बांधलेला. शिवाय व्हायरस तपासणी वगैरे चालू केली की तो आणखी उतरतो. माहितीपत्रकात सर्वांत मोठा छापलेला आकडा तपासणी बंद असतानाचा असतो.

एक साधा पर्याय लोक विसरतात. फायरवॉलला चार पोर्ट आहेत आणि व्हीलॅन तीनच? मग ट्रंकच्या भानगडीत न पडता प्रत्येक व्हीलॅनला एक केबल ओढा. दिसायला अडाणी, पण टॅगचा गोंधळ नाही, प्रत्येकाला स्वतंत्र गिगाबिट, आणि तुम्ही गावाला गेल्यावर फोनवरून "निळी केबल काढून बघा" म्हणता येतं.

बंद पडण्याचा हिशोबही मांडा. फायरवॉल गेली तर व्हीलॅनमधली ये-जा आणि नेट दोन्ही गेलं. लेयर-३ स्विच असेल तर फायरवॉल बंद असतानाही प्रिंट निघते, आतलं टॅली चालतं. एखाद्या कारखान्यात ही एकच गोष्ट निर्णय फिरवू शकते. आणि गेटवे ज्या डब्यात, तो डबा यूपीएसवर. हे लिहायला नको, पण मी उलटंही पाहिलंय.

यातलं काहीही घेतलं तरी

काही दुखणी डबा बदलून जात नाहीत. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक) व्हीलॅन ओलांडत नाही, म्हणून डीएचसीपी सर्व्हर एकाच व्हीलॅनमध्ये असेल तर बाकीच्यांसाठी रिले (ती हाक पुढे पोचवणारी सोय) लावावा लागतो. संगणकाच्या नुसत्या नावाने शेअर उघडायची सवय मोडते, आयपी किंवा नीट डीएनएस (नावावरून आयपी सांगणारी सोय) लागतो. मोबाइलला प्रिंटर आपोआप दिसणं एमडीएनएसवर (जवळची उपकरणं नावाने शोधायची पद्धत) चालतं, ते २२४.०.०.२५१ या पत्त्यावर बोलतं आणि राउटर ते पुढे नेत नाही. त्यासाठी एमडीएनएस पलीकडे पोचवणारा रिपीटर हवा. फायरवॉलमध्ये तो बहुधा मिळतो, स्वस्त स्विचमध्ये बहुधा नाही.

आणि पिंग (पलीकडचं उपकरण उत्तर देतं का, ही चाचणी). सगळं बरोबर करूनही पलीकडच्या विंडोज संगणकाला पिंग जात नाही, तेव्हा राउटिंगला हात लावण्याआधी क्रम पाळा: आधी आपला गेटवे, मग पलीकडच्या व्हीलॅनचा गेटवे, मग तो संगणक. दुसऱ्या पायरीपर्यंत उत्तर आलं तर राउटिंग बहुतेक ठीक आहे. विंडोजची फायरवॉल खाजगी नेटवर्कवर पिंग आणि फाइल शेअरिंग मुळात फक्त स्वतःच्या सबनेटपुरतं उघडते. प्रिंटर किंवा एनव्हीआर गप्प असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये गेटवेचा रकाना बघा. तो रिकामा असतो, किंवा तिथे जुन्या राउटरचा पत्ता असतो. पॅकेट पोचतं, पण उत्तराला घरचा रस्ता ठाऊक नसतो.

मी काय सुचवतो

चाळीसेक माणसांपर्यंत, फायलींची वाहतूक एकाच व्हीलॅनमध्ये ठेवता येत असेल तर फायरवॉलच, एक ट्रंक किंवा वेगवेगळ्या केबली. व्हीलॅन पाडण्यामागे मुळात कॅमेरे आणि पाहुणे यांना आवरायचं असतं, आणि आवरायचं काम तिचं. लेयर-३ स्विचवर एसीएलशिवाय राउटिंग चालू करणं म्हणजे भिंत बांधून दार सताड उघडं ठेवणं. पाहुण्याचा मोबाइल थेट सर्व्हरपर्यंत पोचतो.

जड फायली व्हीलॅन ओलांडणारच असतील तर दोन्ही घ्या: १० आणि २० चे गेटवे लेयर-३ स्विचवर, ३० आणि ४० चे फायरवॉलवर. मात्र एका व्हीलॅनचा गेटवे एकाच ठिकाणी. "असू दे" म्हणून फायरवॉललाही व्हीलॅन १० मध्ये एक पाय दिलात, की पॅकेट एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परततं आणि अर्धंच संभाषण पाहिलेली फायरवॉल ते तोडून टाकते. लक्षण विचित्र असतं: पिंग जातं, पण वेबपान अडकतं.

निव्वळ राउटर फक्त तो आधीच घरात असेल, त्याचा खरा वेग ठाऊक असेल आणि नियम दोन-चारच असतील तेव्हा.

बदल करायच्या दिवशी लॅपटॉपसाठी एक पोर्ट व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये टॅगशिवाय राखून ठेवा. मायक्रोटिकवर व्हीलॅन फिल्टरिंग चालू करण्याआधी सेफ मोड घ्या, म्हणजे कनेक्शन तुटलं तर बदल आपोआप मागे फिरतात. सिस्कोवर "रीलोड इन १०" देऊन मग ट्रंकला हात लावा. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी तो जुन्या सेटिंगवर उठतो. सगळं जमलं, तर सेव्ह करण्याआधी तो रीलोड रद्द करायला विसरू नका.