स्लॅलमचं हँडल आणि गच्चीवरचा खांब: आठ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, वॉटर स्कीइंगचं हे हँडल आठ महिन्यांतले जवळजवळ सगळे दिवस पाण्याचं तोंड न बघता सोलापुरात माझ्या गच्चीवर टाकीच्या खांबाला बांधलेलं होतं. पाण्यावर ते फक्त मे महिन्यात, तीन आठवडे वापरलं.

नोकरीमुळे पाच वर्षं फ्लोरिडात होतो, विंटर हेवनपासून तासाभरावर. तिथे तळी रग्गड, त्यामुळे एका स्कीवरच्या स्लॅलमचं वेड लागलं. आता मुक्काम सोलापूर. ऑफिसच्या कामाने वर्षातून दोनदा तिकडे जाणं होतं, तेवढंच पाणी. हिप्परग्याचा तलाव दिसला की हात शिवशिवतात, पण बोट कुठून आणायची? म्हणून गेल्या सप्टेंबरात परतताना हे तेरा इंची सरळ हँडल, दीड मीटर दोरीसकट, बॅगेत टाकलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: बोट नाकासमोर सरळ जाते, तिच्या दोरीचं हँडल धरून स्कीवर उभा असलेला मागचा माणूस आलटून-पालटून दोन्ही बाजूंच्या सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांना, वळसे घालतो. कोर्स २५९ मीटरचा, बोये मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. माझ्या वयाला, म्हणजे पस्तिशीपुढे, बोटीचा कमाल वेग ताशी ५५ किलोमीटर. १७ सेकंदांत खेळ खल्लास. सहाही बोये जमले की दोरी आखूड करतात, १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५. मी दोन वर्षं १८.२५ वरच चौथ्या बोयाशी अडलो होतो.

दुखणं माहीत होतं. बोटीमागच्या लाटा ओलांडताना ओढ सगळ्यात जास्त असते. नेमकं तिथे माझे हात पुढे जायचे, हँडल कमरेपासून सुटायचं, छाती बोटीकडे झुकायची. मग स्की आडवी पळायची सोडून बोटीच्या मागे सरळ जाते, आणि पुढच्या बोयाशी पोचायला उशीर. घाबरून हातानं ओढलं की आणखीच बिघडतं.

गच्चीवरची मांडणी अशी: दोरी खांबाला कमरेच्या उंचीवर. खाली चादरीची घट्ट गुंडाळी आणि तिच्यावर जुना पाट, म्हणजे पायाखाली जरा डळमळ. पाय एकामागे एक, घोटे वाकलेले, हात सरळ, हँडल ओटीपोटाशी, आणि सगळं अंग खांबापासून लांब कललेलं. वीस सेकंद धरायचं, बाजू बदलायची. पहिले तीन महिने मी हे चुकीचंच करत होतो. खांद्यांनी तोलायचो, दुसऱ्या दिवशी मान धरलेली.

डिसेंबरात शेजारचे काका वर आले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठी, पेलणारा माणूस. तेव्हा त्यांचाही सराव चालू होता. दोन मिनिटं बघून म्हणाले, "खांबाशी भांडायलास का बे? हातानं धरायचं, वजन कमरेवर घ्यायचं. हात नुसते दोरीगत ठेव." मग माझ्या कमरेत मागून गुडघा टेकवून तिला पुढे ढकललं. एकदम हाताचा ताण गेला आणि टाचांखालचा पाट स्थिर झाला. तिकडचे कोच मला हेच सांगत होते, पण ते इंग्रजीत कानावरून जात होतं.

मे महिन्यात पाण्यावर पहिले दोन दिवस वाया गेले. तिसऱ्या दिवशी लाटा ओलांडताना हँडल कमरेशीच राहिलं, आणि पाचव्या बोयापुढे मोकळी जागा दिसली. आठवड्याअखेर १८.२५ वर सहाही झाले. नारिंगी दोरीवर, म्हणजे १६ मीटरवर, अडीच. पण वळण होतं तिथंच आहे. एक हात सोडून पुढे झेप घ्यायची, पाय न दडपता स्कीला आपणहून फिरू द्यायचं, हे खांबावर शिकता येत नाही. खांब हलतच नाही, तर दोरी सैल पडून झटका कुठून बसणार?

आता हँडलबद्दल. नळी दणकट, आठ महिन्यांत वाकली नाही. दोरी नळीत शिरते तिथे मात्र धागे सुटलेत, मे महिन्यातच नवीन घ्यावी लागली. सगळ्यात वाईट रबर. एप्रिलच्या उन्हात दोन दुपारी गच्चीवर विसरलो, तर पकड चिकट झाली, तळहातावर काळं उतरायला लागलं. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की उन्हात ठेवू नका. सोलापुरात! पकड माझ्या हाताला थोडी जाडही आहे. हातमोजे घातले की मूठ पुरती मिटत नाही आणि कोपराखालचा हात लवकर भरून येतो. घेणाऱ्यांनी एक माप बारीक बघावं, आणि शक्यतो दुकानात हातमोजे घालूनच धरून बघावं.

सध्या ते कपाटात चादरींच्या घडीत असतं. सराव पहाटे सहाच्या आत.