गांधार ट्यूनिंग: पेटी गोड झाली, बुवा रुसले

माझ्या जुन्या डबल लाइन (म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर असलेल्या) पेटीचं गांधार ट्यूनिंग, म्हणजे सगळे सूर आपल्या एकाच सा शी शुद्ध जुळवणं, पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडून करून घेतलं. नाव लिहीत नाही, कारण चार दिवस सांगून त्यांनी पेटी अकरा दिवस ठेवून घेतली आणि फोनही उचलला नाही. काम मात्र पाचपैकी पाच.

पेटी उघडण्याआधी त्यांनी विचारलं, "तुमचा सा कुठला?" माझा काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी. मग काळी एक आणि पांढरी चार एकदम दाबून धरायला लावली. सा-ग थरथरत होते. इतकी वर्षं ही थरथर मी पेटीचा स्वभावच समजत होतो! घरी येऊन हिशेब मांडला: सा १३८.६ हर्ट्झ, त्याची पाचपट ६९३. पेटीचा ग १७४.६, त्याची चौपट ६९८.५. शुद्ध गांधारात हे दोन आकडे जुळायला हवेत. म्हणजे सेकंदाला साडेपाच हेलकावे. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गांधार ५:४ चा, म्हणजे सा पासून ३८६ सेंटवर (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). बाजारातल्या पेटीचा ४०० वर.

काकांनी सुराच्या पितळी पत्तीखाली पातळ पत्रा सरकवला आणि मुळाशी खरवडलं. मुळाशी खरवडलं की सूर उतरतो, टोकाशी खरवडलं की चढतो. दोन घासे, भाता, कान. पुन्हा दोन घासे. हेलकावे सावकाश होत गेले आणि एका क्षणी थांबलेच. तिथे माझ्या अंगावर काटा आला. ध आणि नी पण असेच उतरवले. पंचम जेमतेम दोन सेंट चढवावा लागला.

आता तक्रार. आमच्या भजनी मंडळाचे बुवा काळी दोनमध्ये गातात, म्हणजे त्यांचा सा हा माझा रे, ९:८ चा. त्यांचा पंचम म्हणजे काळी पाच, म्हणजे माझा ध, ५:३ वर लावलेला. बुवांच्या सा पासून तो पंचम तब्बल २२ सेंट उतरा पडतो. पहिल्याच अभंगात बुवांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी झाकण लावूनच बसलो. पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी स्केल चेंजर पेटी असती तरी उपयोग नव्हता. पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत. काकांनी हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी करूनच घेतलं असतं, ते वेगळं.

घरी एकट्याने भूप वाजवायला ही पेटी. गुरुवारी मंडळात शेजाऱ्यांची मागून नेतो.