एसएफ-४०० वजनकाटा: वाटीतल्या बियांचे ग्रॅम काढायला कितपत कामाचा?

पाककृतीत लिहिलेलं असतं ‘एक वाटी तीळ’, आणि वाणी देतो ग्रॅमवर. हा हिशेब जुळवायला तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळणारा एसएफ-४०० पुरेसा आहे. १० किलोपर्यंत वजन, १ ग्रॅमचा टप्पा, दोन पेन्सिल सेल. वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, तरी साचा हाच.

काटा आणला की आधी घरातली वाटी मोजून घ्या. रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणणारं ‘टेअर’चं बटण दाबा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मापाचे कप २४० किंवा २५० मिलिलिटरचे असतात, राइस कुकरबरोबरचा १८० चा, आणि जेवणातली वाटी बरेचदा त्याहून लहान निघते. वाटी ठरल्याशिवाय पुढचे आकडे निरर्थक आहेत.

२४० मिलिलिटरचा कप शीग न ठेवता सुरीच्या पाठीने सपाट केला, तर तीळ साधारण १४५ ग्रॅम भरतात, खसखस १४०, जवस १७० च्या जवळ, मेथी पावणेदोनशे. जिरे मात्र ९५ आणि धणे जेमतेम ८०, कारण धणा आतून पोकळ असतो. गोड्या मसाल्याचं प्रमाण वाटीवरून किलोवर नेताना सगळ्यांना ‘वाटी म्हणजे दीडशे ग्रॅम’ धरलं की धणे जवळपास दुप्पट पडतात आणि मसाल्याला नुसती धण्यांची चव येते. तुमच्या वाटीचे मिलिलिटर तीळ-खसखशीसाठी ०.६, जवसासाठी ०.७, मेथीसाठी ०.७५, जिऱ्यासाठी ०.४ आणि धण्यांसाठी ०.३३ ने गुणा. १५० मिलिलिटरच्या वाटीत तीळ ९० ग्रॅम, धणे ५०.

वजन नेहमी कच्च्या, अख्ख्या बियांचं करा. भाजल्यावर ओल उडते. दळल्यावर तर माप पार बदलतं: टेबलस्पूनभर अख्खे जवस १० ग्रॅम, पण जवसाची पूड ७ च. तिळगुळाला तीळ आणि गूळ समान वजनाने घ्यायचे असतील, तर वाटीला वाटी घेऊन चालत नाही. चिरलेला गूळ दाबून भरला की तिळापेक्षा बराच जड होतो आणि लाडू दगडासारखे होतात.

आता काट्याच्या खोडी. चिमूट-चिमूट टाकत गेलात तर असा काटा आकडा शून्यावरच धरून ठेवू शकतो, कारण इतका हळू वाढणारा भार तो स्वतःचीच चूक समजून पुसतो. उपाय सोपा: भरलेला डबा ठेवून टेअर दाबा आणि चमच्याने एकदम काढून घ्या, उणे दिसणारा आकडा म्हणजे काढलेलं वजन. मोहरी थेट काट्याच्या पाटावर, म्हणजे वजन ठेवायच्या तबकडीवर, ओतू नका. एखादा दाणा पाटाखालच्या फटीत गेला की पाट पूर्ण दबत नाही आणि वजन कमी दिसतं. मोठी परात ठेवली तर आकडाच झाकला जातो, तेव्हा आधी उंच, अरुंद भांडं ठेवा. ओट्यावर फडकं पसरून त्यावर काटा ठेवणं टाळा, आकडा डुगडुगतो.

छोट्या प्रमाणाला मात्र हा काटा नको. टीस्पूनभर जिरे २ ग्रॅम असतात. तिथे अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे पाव भाग. त्यापेक्षा सपाट टीस्पून बरा. ग्रॅम हवेच असतील तर दहा टीस्पून एकत्र तोला आणि दहाने भागा. केशर किंवा हिंगासाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा खिशातला काटा वेगळा घ्यावा लागतो.

नवा काटा तपासायला औषधाची १० मिलिलिटरची सिरिंज पुरते. टेअर केलेल्या वाटीत पाच वेळा पाणी सोडा. ५० ग्रॅमच्या आगेमागे दोनाहून जास्त फरक दिसला, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत काटा बदलून घ्या.