झुकिनी निवडताना देठ पाहावा: सात महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या एप्रिलपर्यंत आमच्या फोंड्याच्या घरी आठवड्यातून किमान दोनदा झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी फळभाजी, शिजली. डिसेंबरअखेरपर्यंत ती विकतची होती, त्यानंतर बहुतेक परसातली. दोन्ही प्रकार हाताळल्यावर माझे मत पक्के झाले की झुकिनीचा ताजेपणा रंगावरून किंवा चकाकीवरून नव्हे, तर देठावरून ओळखावा.

पहिली खरेदी एका मोठ्या दुकानातून केली होती. प्लास्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळलेली ती जोडी डोळ्यांना सुरेख दिसत होती, पण घरी चिरल्यावर आतला गर कापसासारखा भुसभुशीत निघाला आणि बिया दुधीच्या बियांएवढ्या झालेल्या होत्या. गोव्यात येणारी बरीचशी भाजी बेळगावकडून घाट उतरून येते, आणि झुकिनीची साल इतकी पातळ असते की वाटेतली घासाघीस तिला सोसत नाही. पुढे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी निवडून घेऊ लागले. दोन-तीन सेंटीमीटर देठ राखून कापलेली, देठाची कड हिरवी व ओलसर असलेली, लांबीने १५ ते २० सेंटीमीटर आणि आकाराच्या मानाने जड लागणारी झुकिनी सहसा फसवत नाही. अगदी ताज्या फळावर बोटांना जाणवणारी बारीक लव असते. वरवरचे ओरखडे चालतात, मात्र सालीवर खळगे पडलेले फळ घेऊ नये, कारण ते बहुधा फार थंडीत ठेवलेले असते. घरच्या शीतकपाटातही याच कारणासाठी ती न धुता, कागदात गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवावी आणि चार-पाच दिवसांत संपवावी.

लागवड मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली, कारण पावसाळ्यातल्या ओलीत हे झाड कुजते. जांभ्याच्या मातीत भरपूर कुजलेले शेणखत मिसळून, तीन-तीन फुटांवर चार रोपे ठेवली. भोपळ्याच्याच कुळातली असली तरी हिची वेल पसरत नाही, झुडूप होते, त्यामुळे मांडवाची गरज पडली नाही.

खरी परीक्षा फुलांच्या वेळी झाली. आधी नुसती नरफुले आली. मग मादीफुले आली, तर त्यांच्यामागची बोटाएवढी फळे टोकाकडून पिवळी पडून गळू लागली, आणि मला वाटले की मातीतच काही उणे आहे. कारण वेगळेच होते: परागीभवन होत नव्हते. फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्या अवधीत मधमाशी फिरकली नाही तर फळ धरत नाही. त्यानंतर मी रोज सकाळी सातच्या सुमारास नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकवू लागले आणि फळे धरू लागली. ज्यांना सकाळची ही दहा मिनिटे देता येत नाहीत त्यांनी विकत घेणेच बरे.

फूल उमलल्यापासून चार ते सहा दिवसांत फळ तोडावे लागते. एकदा जत्रेसाठी तीन दिवस गावाला गेलो, तेवढ्यात एक फळ हातभर वाढले आणि चवीला अगदी पाणचट झाले.

फेब्रुवारीत पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी बुरशी, आली. ब्राझीलमध्ये झुकिनीवरच झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गायीच्या दुधाच्या पातळ फवारणीने भुरी आटोक्यात आल्याचे नोंदले आहे. मी एक भाग दूध व नऊ भाग पाणी असे प्रमाण आठवड्यातून एकदा फवारले. नवी पाने बऱ्यापैकी स्वच्छ राहिली, जुनी मात्र मी काढूनच टाकली.

एक सावधगिरी सर्वांनी बाळगावी: चिरल्यावर तुकडा जिभेला लावून पाहावा आणि कडू लागल्यास पूर्ण फळ टाकून द्यावे, कारण तो कडूपणा पोटाला अपाय करणाऱ्या द्रव्याचा असतो आणि शिजवूनही जात नाही.

संकरित वाणाचे बी राखून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून येत्या दिवाळीनंतर नवे बी आणीन आणि चार रोपे एकदम न लावता तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन लावीन.