शाबासकीचं अ‍ॅप: भोसरीच्या प्रेस शॉपमधले आठ महिने

भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. सात पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वळवणारी मशीन), दोन पाळ्या, ३४ माणसं. दुचाकींचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प काढतो. गेल्या दिवाळीनंतर कामगारांना गुण आणि बक्षिसं देणारं एक मोबाइल अ‍ॅप घेतलं, माणशी महिना ८० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेण्याआधी मी तीन अ‍ॅप्स पाहिली होती, तिन्हींची घडण सारखीच होती. तुम्ही घेणार असाल तर आत काय बघायचं, ते सांगते.

मला ते हवं होतं याचं कारण बोनस. कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने वर्षाकाठी एका महिन्याचा पगार, पण तो कायद्याने ठरवलेल्या पगारमर्यादेवर मोजतात. तो हक्काचा आहे आणि दिवाळीला सगळ्यांना मिळतो. पण मार्चमध्ये एखाद्याने वाकडी डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, वेळेत ओळखून हजार पीस वाचवले, तर त्याला त्याच आठवड्यात कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं, असं मला फार वाटायचं.

अ‍ॅपमध्ये पहिल्यापासून चालू असतो तो पीसवरचा गुण. शिफ्टला ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात की गुण, आणि सगळ्यांची नावं क्रमाने मोबाइलवर. पहिल्या महिन्यात उत्पादन खरंच वाढलं, मी खूश होते. दुसऱ्या महिन्यात एका रात्रपाळीला मी अचानक गेले, तर तीन नंबरच्या प्रेसवर डावं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं. दोन बटणं असतात ती दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून. आमच्या त्या जुन्या प्रेसची जोडणी अशी, की एक बटण दाबलेलं राहिलं तरी दुसऱ्यावर स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा घाव, बसायचा. पोरगा मोकळ्या हाताने पत्रा सरकवत होता. वय २३. मी मेन स्विच पाडला. तो घाबरून म्हणाला, “मॅडम, नंबर खाली चालला होता.”

माझे हातपाय गार पडले. प्रेसवर बोटं गेलेली माणसं या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. चूक त्या पोराची नव्हती. आकडा मी मोजायला लावला होता, त्याने मला आकडा दिला. दुसऱ्या दिवशी पीसचा गुण बंद केला आणि त्याच आठवड्यात तिन्ही जुन्या प्रेसना असा रिले बसवला, की दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकदम दाबल्याशिवाय पुढचा स्ट्रोकच मिळत नाही. हा गुण बंद करायची सोय सेटिंगमध्ये खूप आत आहे, कंपनीच्या माणसाला फोन करूनच ती सापडली.

दुसरी वाईट गोष्ट म्हणजे ‘वृत्ती’चे तारे. सुपरवायझरने दर आठवड्याला प्रत्येकाला एक ते पाच तारे द्यायचे. आमचा सर्वांत जुना सेटर, म्हणजे मशीनवर डाय बसवणारा, साताऱ्याकडचा, तोंडाने फटकळ. त्याला सलग काही आठवडे दोनच तारे. का, तर ऐन गाडी भरायच्या वेळी त्याने प्रेस थांबवली आणि सुपरवायझरशी भांडला. मी त्याला विचारलं. म्हणाला, “ताई, डायचा आवाज बदलला होता.” डाय उघडली तर पंचला, म्हणजे पत्र्यावर आदळणाऱ्या वरच्या भागाला, चीर गेलेली. ज्याची वृत्ती मला दहा जणांत हवी, तोच यादीत तळाला होता. आता तारे बंद आहेत. कुणाच्या वागण्याबद्दल तक्रार असेल तर सुपरवायझरने आधी माझ्यासमोर, त्या माणसाच्या देखत, काय घडलं ते सांगायचं. आणि ‘मशीन थांबवली’ हा नवा गुण मी घातला. थांबवणं चुकीचं ठरलं तरी गुण कापत नाही.

चांगलं काय, तर बोलून पाठवायची शाबासकी. कुणीही कुणालाही अर्ध्या मिनिटाचा आवाज पाठवू शकतो, मराठीत, हिंदीत, भोजपुरीत. लिहायला कचरणारे हेल्परसुद्धा पाठवतात. पॅकिंगच्या बाईंना पहिली शाबासकी बिहारच्या एका हेल्परकडून आली, लेबलं उलटी लागली होती ती तिने पकडली म्हणून. जेवणाच्या सुट्टीत तिने ती सगळ्यांना ऐकवली. आठ वर्षं आहे ती आमच्याकडे. एवढं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

कुपनं मात्र कुचकामी. ऑनलाइन कपडे, पिझ्झा. आमच्या लोकांना तेल-साखर हवी. म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी बोलून पाचशे रुपयांच्या चिठ्ठ्या सुरू केल्या, आणि त्या पूर्ण पाळीला मिळतात: महिनाभर अपघात नाही, गिऱ्हाइकाकडून माल परत नाही, तर हेल्परपासून सेटरपर्यंत प्रत्येकाला एक.

करार वाढवताना मी फक्त आवाजाच्या शाबासकीचा स्वस्त प्लॅन घेतला, माणशी ३० रुपये. या अ‍ॅपला मी पाचपैकी तीन गुण देते. पॉवर प्रेस, शिअर (पत्रा कापायचं मशीन) किंवा करवत असलेल्या कुणीही पीसचा गुण पहिल्याच दिवशी बंद करून घ्या, डेमो द्यायला आलेल्या माणसाला समोर बसवून.