आमच्या जुन्या १०३५ ट्रॅक्टरची डिझेल गळती: लाइन बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

रात्री ट्रॅक्टर शेडात लावला की पंपाखाली श्रीखंडाचा रिकामा डबा सरकवायचा, ही आमच्या घरची दोन वर्षांची सवय झाली होती. सकाळी डब्यात तळाला डिझेल, वर धुळीचा थर आणि एखादा बुडालेला किडा. एकदा मोजलं तर १३० मिली भरलं. महिन्याला जवळजवळ चार लिटर, तेही ट्रॅक्टर नुसता उभा असताना. टाकीखालचा कॉक बंद करून ठेवला तरी फरक पडत नव्हता, कारण कॉकच पूर्ण बंद होत नव्हता. शेवटी गेल्या मे महिन्यात टाकीपासून नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत, सगळी लाइन उघडली आणि नव्याने बांधली. आता शाळू हुरड्यात आलाय. मधल्या आठ महिन्यांत सोयाबीनची पेरणी, मळणी, शाळवाची पेरणी आणि ट्रॉलीच्या खेपा झाल्या. डायरीत ६४० लिटर डिझेलची नोंद आहे. एवढं काम झाल्यावर काय टिकलं आणि काय नाही, हे खात्रीने सांगता येतं.

ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन १०३५, टॅफेचा, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. आण्णांनी १९७९ साली घेतला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या रानात तो आजही रोज लागतो. शोभेसाठी ठेवलेला नाही. गळतीचा दोष कंपनीवर अजिबात टाकत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रबर कडक होतं, तांबं ताठ होतं, आणि प्रत्येक मेकॅनिक जाताना आपली एक खूण ठेवून जातो. आमच्या ट्रॅक्टरवर अशा खुणा बऱ्याच होत्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती, ती मला दोन वर्षं उशिरा समजली. डिझेलची लाइन एक दिसली तरी ती चार वेगवेगळ्या स्वभावाची असते. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंत, ओढ असते. फीड पंपापासून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंत हलका दाब असतो. मोठ्या पंपापासून नोझलपर्यंत शंभर बारच्याही वरचा दाब असतो. आणि नोझलवरून परत येणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपात दाब जवळपास नसतोच. गळती या चारपैकी कुठे आहे त्यावर तिचं लक्षणही बदलतं आणि इलाजही. मी मात्र जिथे ओलं दिसेल तिथे पाना लावत होतो.

ओढीच्या बाजूची गंमत अशी की तिथे चालू इंजिनात डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. १०३५ ची टाकी इंजिनच्या वर असते, त्यामुळे टाकी भरलेली असली की डिझेल आपल्या वजनानेच खाली येतं आणि काही जाणवत नाही. टाकी पावाच्या खाली गेली की नांगरटीत चढाला आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन दम सोडायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा दम सोडायचं. लोक म्हणाले नोझल तपासा, मोठा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे यंत्रावर तपासून जुळवायला, टाका. मी जवळजवळ टाकणारच होतो. टाकी उतरवून कॉक बाहेर काढला तेव्हा त्याच्यावरची जाळी काळ्या, चिकट गाळाने अशी बुजलेली होती की फुंकर मारली तरी पलीकडे जात नव्हती. जाळी बुजल्यामुळे फीड पंप जोराने ओढत होता, आणि जोडाच्या बारीक फटीतून हवा घेत होता. जाळी धुतली आणि तो एक जोड नीट केला, त्यानंतर हा त्रास एकदाही झाला नाही. पंपाला हात लावावा लागला नाही.

गळती शोधायची माझी पद्धत सांगतो. लाइन आणि जोड कापडाने कोरडे पुसायचे, थोडं रॉकेल लावून ब्रशने माती काढायची, पुन्हा पुसायचे आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरायची. दहा मिनिटांत पांढऱ्यावर जिथे पहिला पिवळसर डाग फुटतो तिथे गळती. बाकी सगळं ओघळ असतो. मला पक्की खात्री होती की फिल्टरचा बाउल, म्हणजे त्याची खालची वाटी, गळतोय, कारण थेंब तिथूनच पडायचा. पावडर लावल्यावर दिसलं की डाग वरच्या बँजो बोल्टाशी (आतून पोकळ, ज्यातून डिझेल जातं असा बोल्ट) आधी फुटतो, मग ओघळ बाउलच्या कडेने फिरून खाली येतो. त्या बाउलचं पॅकिंग मी आधी दोनदा बदललं होतं, विनाकारण.

हाय प्रेशर पाइपांच्या बाबतीत मात्र हात लावून शोधायचं नाही, हे कळकळीने सांगतो. त्या दाबाचा बारीक फवारा डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून सरळ आत घुसतो. वर टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत इजा गंभीर असते. ताबडतोब हॉस्पिटल गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा जवळून फिरवायचा, त्यावर डाग उमटतो.

आता दुरुस्तीचं. बँजो बोल्ट उघडले तर त्यांच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे थर आणि बाहेरून एम-सील. हे एका गॅरेजमध्ये पूर्वी झालेलं काम. बँजोमध्ये आटे गळती थांबवत नाहीत. थांबवतात ते दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर आणि त्यांच्या बसायच्या सपाट जागा. आट्यांवर कितीही टेप गुंडाळली तरी वायसर बसलं नाही तर गळणारच. वर त्या टेपचं नुकसान वेगळं. पंपाच्या इनलेटमध्ये मला टेपचा नखाएवढा कुरतडलेला तुकडा अडकलेला सापडला. तो चिमट्याने काढताना हात थरथरत होता, कारण तो आत गेला असता तर खर्च कुठे गेला असता ते माहीत होतं.

वायसर एकदा दाबून बसलं की तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा ते धरत नाही. नवीन मिळाली तर उत्तमच. मापाची दोन मिळाली नाहीत, तेव्हा जुनी वापरली. ती तारेत ओवून गॅसच्या ज्योतीवर धरली, मंद लाल झाली की पाण्यात टाकली. तांबं लोखंडासारखं पाण्याने कडक होत नाही, मऊ पडतं. काळी झालेली वायसर मग काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासली, रेषा जाईपर्यंत. बँजोची बसायची जागाही तशीच घासून घेतली. त्या जागेवर नखाला लागेल असा एक ओरखडा होता. फिल्टरजवळच्या गळतीचं मूळ तोच निघाला. घासलेली ती दोन वायसर आठ महिने कोरडी आहेत.

पान्यांबद्दल एक शब्द. या ट्रॅक्टरचे बरेचसे नट इंचातले आहेत. ९/१६ चा नट म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना त्यात जात नाही आणि १५ चा फिरून कोपरे गोल करतो. आमचे अर्धे नट असेच गोल झालेले होते. इंचाच्या पान्यांचा सेट आधी घेतला असता तर नटांचे पैसे वाचले असते. आणि सोडताना-आवळताना नेहमी दोन पाने: एकाने खालची युनियन, म्हणजे नट ज्यावर बसतो तो जोड, धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. नाहीतर पाइपच पिळतो.

टाकी ते फीड पंप हा पाइप जुना तांब्याचा होता, आणि वाकाशी केसाएवढी चीर. तांबं हादऱ्याने ताठ होत जातं आणि शेवटी वाकाशी तडकतं. शिवाय तांब्याच्या सतत संपर्काने डिझेल लवकर खराब होतं, त्यात गोंदासारखा चिकटा धरतो. म्हणून मी ब्रेकच्या कामाचा बारीक पोलादी पाइप, ज्याला बंडी पाइप म्हणतात, तो घेतला, नवीन ऑलिव्ह (नटाखाली पाइपावर आवळून बसणारं धातूचं कडं) घातले, आणि मध्ये एक सैल वळण ठेवलं म्हणजे हादरा वळणात जिरतो. आठ महिन्यांत थेंब नाही. ऑलिव्ह पहिल्यांदाच बेताने आवळावा. जास्त आवळला की पाइपाचं तोंड चेपतं, आणि मग तो जोड कधीच धरत नाही. माझा एक असा वाया गेला.

रबरी पाइपांचा अनुभव मात्र संमिश्र आहे. ओव्हरफ्लोसाठी आधी साधा पारदर्शक पाइप टाकला होता. बुडबुडे दिसतात म्हणून हवा शोधायला तो फार चांगला, पण कायमचा ठेवू नये. तीन महिन्यांत तो पिवळा पडला, काडीसारखा कडक झाला आणि टोकाला फाटला. ऐन पेरणीत सिलिंडर हेड डिझेलने न्हाऊन निघालं. त्याजागी आतून सुताची वीण असलेला, डिझेलसाठीचा म्हणून विकतात तो काळा पाइप टाकला. तो अजून मऊ आहे. तार गुंडाळण्याऐवजी स्क्रूचा क्लिप वापरला. तार पाइपाला कापते.

जुनं रबर आताच का गळायला लागलं याचं एक कारण डिझेलमध्येही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहाचं, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या निकषाचं, डिझेल आलं, गंधकाचं प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग). गंधक काढताना डिझेलमधले काही घटकही कमी होतात, आणि त्या घटकांमुळे फुगून बसलेली जुनी सील थोडी आकसतात. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरला गळती लागली तर नट आवळत बसण्यात अर्थ नाही, सील आणि रबर बदलावंच लागतं.

नोझलच्या तीन पाइपांपैकी मधल्याला पंपाच्या बाजूला चीर होती. एका वेल्डरने पितळ भरून देतो म्हटलं. मी नको म्हणालो. एवढ्या दाबाच्या पाइपाला झाळ लावणं म्हणजे धोका घरात आणणं. नवीन पाइप आणला. पण खरं काम पुढे आहे. तिन्ही पाइप एकमेकांना धरून ठेवणारी चिमटी आमच्याकडे गायब होती, कोणी कधी काढली कोण जाणे. चिमटी नसली की पाइप वीणेच्या तारेसारखा कंप पावतो आणि टोकाशी तडकतो. नवा पाइप टाकून चिमटी लावली नसती तर तोही तुटलाच असता. या सगळ्या दुरुस्तीत स्वस्तातली स्वस्त वस्तू ती चिमटी होती, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचीही तीच.

काम झाल्यावर लाइनमध्ये शिरलेली हवा काढायची. फीड पंपाची हाताची दांडी मारली तर ती सैल लागली, डिझेलच येईना. नवीन पंप घ्यावा का अशी धाकधूक झाली. आमच्याकडचे म्हातारे मिस्त्री आले, म्हणाले, "बाळा, कॅम वर आडकलाय. इंजिन एक फेर फिरव." फिरवलं, पंपाला ढकलणारा कॅमचा उंचवटा बाजूला झाला आणि दांडीला जोर आला. मग फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचे स्क्रू, फेस संपून नुसतं डिझेल येईपर्यंत. शेवटी नोझलचे नट सैल करून स्टार्टर मारला. तिसऱ्या झटक्याला इंजिनने आवाज धरला. आण्णा ओट्यावर बसून सगळं बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त उठून आत चहा सांगायला गेले.

ऑक्टोबरमध्ये एक धडा मिळाला, तो वेगळा लिहायला हवा, कारण ही गळती डब्यात पडत नाही. मळणी यंत्र चालू करण्याआधी ऑइल बघितलं तर पट्टीवर पातळी खुणेच्या वर बोटभर. आठ दिवसांत ऑइल वाढलं कसं? बोटावर घेऊन चोळलं तर पातळ, आणि वास डिझेलचा. फीड पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटून डिझेल सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. खोललं तेव्हा रबराच्या घडीवर अर्धवर्तुळ चीर उघड दिसली. डायफ्रामचा किट टाकला, सगळं ऑइल बदललं, मळणी दोन दिवस मागे गेली. मोठ्या पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तरी असंच होतं, म्हणून पुढे महिनाभर रोज पट्टी बघितली. पातळी हलली नाही, म्हणजे ते सील शाबूत आहे. मे महिन्यात सगळं उघडलेलंच होतं. तेव्हाच डायफ्राम बदलायला हवा होता. तुम्ही लाइन उघडाल तेव्हा तो बदलूनच टाका. पातळ झालेल्या ऑइलवर एक दिवस जरी भारात इंजिन चाललं तरी बेअरिंगचं नुकसान होऊ शकतं.

खर्च पाइप, वायसर, ऑलिव्ह, क्लिप, एक हाय प्रेशर पाइप आणि डायफ्राम धरून पाच हजारांच्या आत राहिला. इंचाचे पाने आणि ऑक्टोबरचं ऑइल यात धरलेलं नाही. वेळ मात्र चार दिवस गेला, त्यातला दीड दिवस नुसता माती काढण्यात. मातीचा एक कण पंपात गेला तर कॅलिब्रेशनवाल्याकडे जावं लागतं, म्हणून तो वेळ वाया गेला असं मी मानत नाही. उघडलेल्या प्रत्येक तोंडाला स्वच्छ प्लॅस्टिक बांधून ठेवलं होतं.

खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. दरवर्षी पंपाखालचा भाग पुसताना फडकं काळं-ओलं व्हायचं. या वेळी फडकं कोरडं आलं. आईने पंपाच्या डोक्यावर कुंकवाचं बोट लावलं, ते दिवाळीपर्यंत तसंच होतं, डिझेलने विरघळलं नाही.

एक काम अजून बाकी आहे. टाकीखालच्या कॉकच्या दांड्याशी ओल धरते, थेंब पडत नाही पण बोट लावलं की चिकटतं. आतलं पॅकिंग मी सुती दोरी आणि ग्रीस घालून नव्याने भरलं होतं. ते चार महिने टिकलं, पुन्हा ओल आली. पेठेतल्या दोन दुकानांत त्या आट्याचा कॉक मिळाला नाही. शाळू काढून झाला की टाकी उतरवून जुना कॉक बरोबर घेऊन साताऱ्याला जाणार आहे. तोपर्यंत श्रीखंडाचा डबा शेडात टांगलेला आहे, रिकामा.